फोन आणि घरातली यंत्रे मराठीत समजावून सांगताना : नव्याने लिहिणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

सोसायटीच्या सूचनाफलकावर पाण्याच्या मीटरच्या नव्या ॲपची माहिती लावणारे चिटणीस, ज्येष्ठ नागरिक संघात फोनचे वर्ग घेणारे स्वयंसेवक, गावाकडच्या आजीला पैसे कसे पाठवायचे हे कागदावर लिहून देणारी नात, दुकानात गिऱ्हाइकांसाठी पत्रक छापून घेणारा विक्रेता अशा अनेकांवर आज यंत्रांविषयी मराठीत लिहिण्याची वेळ येते. त्यांतल्या बहुतेकांना यंत्र उत्तम कळते आणि मराठीही उत्तम येते, परंतु दोन्ही एकत्र आणताना वाक्ये अडखळतात, कारण यंत्र दर वर्षी बदलते, त्याबरोबर शब्द बदलतात, आणि वाचणाऱ्याच्या घरात त्या शब्दांचे जुने अर्थ मात्र तसेच राहिलेले असतात. एका वाचनालयात ज्येष्ठांसाठी चालणाऱ्या साप्ताहिक वर्गाची पत्रके मी काही वर्षे लिहीत आलो आहे. त्या कामातून जी पद्धत हाती लागली, ती येथे पायऱ्यांनी मांडतो.

पहिली पायरी : लिहिण्याआधी ऐका

ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांच्यापैकी दोघातिघांसमोर यंत्र ठेवून बसा आणि ते त्याच्या भागांना काय म्हणतात ते वहीत उतरवून घ्या. आपल्याला ठाऊक असलेला शब्द त्यांच्या तोंडी घालू नका. ही पायरी वगळली तर काय होते, याचा अनुभव मला पहिल्याच महिन्यात आला. वर्गातल्या एका आजींनी तक्रार केली की फोनची बॅटरी लागत नाही. मी चार्जर तपासला, चार्जिंगची पिन पाहिली, वायर बदलली. फोन तर व्यवस्थित चार्ज होत होता. पुष्कळ वेळाने लक्षात आले की त्यांना अंधारात फोनचा दिवा लावायचा होता. त्यांच्या पिढीच्या बोलण्यात बॅटरी म्हणजे हातात धरायचा विजेचा दिवा, ज्यात सेल घालतात आणि जी रानात किंवा अंगणात ‘मारतात’. फोनच्या आत वीज साठवणाऱ्या भागाला त्या ‘चार्जिंग’ म्हणत होत्या : ‘चार्जिंग उतरले’, ‘चार्जिंग संपले’. माझ्या पत्रकात मात्र ‘बॅटरी वाचवण्यासाठी’ असे शीर्षक होते, आणि ते वाचून त्यांनी फोनचा दिवा वापरणेच बंद केले होते.

म्हणून वहीत दोन रकाने करा. एका बाजूला पडद्यावर दिसणारा शब्द आणि दुसऱ्या बाजूला माणसाच्या तोंडचा शब्द. शहरात ‘रेंज नाही’ म्हणतात, तर अनेक गावांत ‘टॉवर नाही’ म्हणतात. फोनदुरुस्तीच्या दुकानात ‘डिस्प्ले गेला’, ‘टच चालत नाही’, ‘सी-टाइपची पिन द्या’ अशी भाषा ऐकू येते. ती नेमकी असते, कारण तिच्यावर रोजचा व्यवहार चालतो. दुकानात अर्धा तास उभे राहिल्यास जितके शब्द मिळतात तितके कोशातून मिळत नाहीत.

दुसरी पायरी : शब्दाचा आधीचा अर्थ तपासा

नवा शब्द घरात येतो तेव्हा तिथे त्याच नावाचे दुसरे काही आधीच राहत असेल तर गोंधळ होणारच. याचे ठळक उदाहरण ‘इन्व्हर्टर’ हे आहे. महाराष्ट्रात भारनियमनाच्या वर्षांमध्ये हा शब्द घरोघर पोहोचला तो वीज गेल्यावर पंखा आणि दिवा चालवणाऱ्या संचासाठी. त्यामुळे ‘इन्व्हर्टर एसी’ असे नाव ऐकल्यावर लाइट गेली तरी हे यंत्र चालेल, अशी समजूत होणे अगदी साहजिक आहे. वस्तुतः त्या एसीतला इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो; कॉम्प्रेसर पुन:पुन्हा पूर्ण बंद-चालू होत नाही आणि त्यामुळे विजेची बचत होते. पत्रकात हे एक वाक्य लिहावेच, आणि त्याच्या शेजारी ‘लाइट गेल्यावर हा एसी चालत नाही’ असेही लिहावे. (येथे ‘लाइट’ हा शब्द मी जाणून वापरतो. विजेचा घरातला पहिला उपयोग दिव्यासाठी झाला आणि म्हणून मराठीत संपूर्ण वीजपुरवठ्यालाच लाइट हे नाव पडले. ‘लाइट बिल’ म्हटल्यावर ते केवळ दिव्यांचे बिल आहे असे कोणी समजत नाही.)

एसीच्याच बाबतीत ‘दीड टन’ हा आकडा वजनाचा वाटतो. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो तितकी उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन, अशी ही जुनी, बर्फाच्या व्यापाराच्या काळातली मोजणी आहे आणि ती सुमारे साडेतीन किलोवॅट भरते. भिंत वजन पेलेल का, असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला हा खुलासा दोन ओळींत देता येतो.

‘सूचना’ हा शब्द विशेष जपून वापरावा. मराठीत सूचना म्हणजे काय करावे याचे मार्गदर्शन, सूचना म्हणजे एखाद्याने सुचवलेली गोष्ट, आणि सूचना म्हणजे फलकावर लावलेली जाहीर खबर. त्यात फोनच्या मराठी मांडणीने चौथा अर्थ जोडला : पडद्याच्या वरच्या कडेला टिंग करून येणारी चिठ्ठी. ‘सूचना बंद करा’ असे पत्रकात लिहिले तर कोणत्या सूचना, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. तिथे ‘पडद्याच्या वरच्या बाजूला येणाऱ्या सूचना’ असे लिहिण्याचे कष्ट घ्यावेत. आमच्या वर्गात ‘नोटिफिकेशन’ हाच शब्द सोपा ठरला, तेव्हा पत्रकातही तोच ठेवला.

‘पिन’ची गोष्ट आणखी गुंतलेली आहे. १५ ऑगस्ट १९७२ पासून भारतात सहा अंकी पिनकोड आला. तो श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातील मराठी अधिकाऱ्यांनी आखला, आणि आपल्या गावाचा हा आकडा लोकांना पत्त्याइतकाच पाठ झाला. पुढे एटीएमचा पिन आला, यूपीआयचा आला, शिवाय चार्जरची पिन होतीच. यूपीआयचा पिन चार किंवा सहा अंकी असू शकतो, आणि सहा अंकी पिन विचारला गेल्यावर गावाचा पिनकोड टाइप करणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांची यात काहीही चूक नाही. पत्रकात ‘गुप्त पिन’ असे पूर्ण लिहिले की प्रश्न सुटतो. मराठीने येथे स्वतःच एक सोय केली आहे. चार्जरची ती पिन आणि खात्याचा तो पिन, असा लिंगभेद बोलण्यात आपोआप पाळला जातो. ‘पिन मोडली’ आणि ‘पिन विसरलो, तो आठवत नाही’ यांत कोणाचाही गोंधळ होत नाही.

शेवटचे उदाहरण ‘स्कॅनर’चे. दुकानातल्या काउंटरवर चिकटवलेल्या चौकोनी ठिपक्यांच्या कागदाला आज सगळे ‘स्कॅनर’ म्हणतात. स्कॅन करणारा खरे तर आपला फोन असतो आणि तो कागद म्हणजे क्यूआर कोड. परंतु ‘स्कॅनर कुठे आहे?’ हा प्रश्न बाजारात इतका रुळला आहे की तो चुकीचा ठरवण्यात हशील नाही. ‘दुकानातला क्यूआर कोड, म्हणजेच स्कॅनर’ असे एकदा लिहून पुढे चालावे.

तिसरी पायरी : नाव निवडा, पण त्यासाठी अडून बसू नका

नवख्या लेखकाचा सर्वाधिक वेळ येथे जातो. मोबाइल लिहावे की भ्रमणध्वनी, पासवर्ड की परवलीचा शब्द, वेबसाइट की संकेतस्थळ? दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलले जाते आणि लेख तसाच राहतो.

मराठीचा आपला इतिहास या बाबतीत मोकळा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली, आणि लोकांनी तिला आगगाडी म्हटले. आगबोट, आगपेटी हे शब्दही त्याच घडणीचे, डोळ्यांना जे दिसले त्यावरून बनवलेले. आज मात्र आगगाडी पुस्तकांत आणि लहान मुलांच्या गाण्यांत अधिक दिसते, बोलण्यात ‘गाडी’, ‘लोकल’, ‘ट्रेन’ हेच आहे. ‘तार’ हा शब्द खांबावरच्या तारेवरून निरोपाला मिळाला, त्याच्याभोवती तारघर, तारवाला, बिनतारी असे कुटुंब उभे राहिले, आणि जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाल्यावर त्या कुटुंबातला ‘बिनतारी’ तेवढा पोलिसांच्या संदेशयंत्रणेमुळे थोडाफार कानावर पडतो. ‘दूरदर्शन’ या शब्दाचा प्रवास तर वेगळाच झाला. तो सरकारी वाहिनीचे विशेषनाम बनला, त्यामुळे यंत्रासाठी ‘दूरचित्रवाणी’ असा आणखी एक शब्द घडवावा लागला, आणि घरात शेवटी टीव्हीच राहिला. दुसरीकडे ‘संगणक’ पक्का रुजला. शाळेतल्या विषयाचे नाव तेच असल्यामुळे मुलांना तो परका वाटत नाही. ‘संकेतस्थळ’ वर्तमानपत्रांनी जगवले. ‘भ्रमणध्वनी’ लग्नपत्रिकेत, लेटरहेडवर आणि सरकारी अर्जावर सुखाने नांदतो, परंतु ‘माझा भ्रमणध्वनी हरवला’ असे रिक्षात कोणी म्हणत नाही.

त्यातून मला एवढेच कळले की नावाचा निकाल वापर लावतो, आणि वापर ठिकाणाप्रमाणे वेगळा असतो. म्हणून नाव निवडताना तीन प्रश्न विचारावेत. वाचणाऱ्याला हा शब्द पडद्यावर दिसणार आहे का? दिसणार असेल तर पत्रकात अक्षरशः तोच हवा, कारण तो शोधण्यासाठीच त्याने पत्रक हातात घेतले आहे. हा शब्द तो दुकानात किंवा मदतकेंद्रात उच्चारणार आहे का? मग समोरच्याला कळेल असा हवा. आणि शब्दातून अर्थ आपोआप उलगडतो का? ‘कळफलक’ हा शब्द पूर्वी न ऐकलेल्या माणसालाही कळ आणि फलक यांवरून अंदाज येतो. ‘परवलीचा शब्द’ हा पहाऱ्यावरच्या शिपायांचा जुना शब्दही सुंदर आहे आणि त्याचा अर्थ एका वाक्यात सांगता येतो. असे शब्द पहिल्या उल्लेखात प्रचलित नावाच्या जोडीने जरूर द्यावेत. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांचाही या कामी उपयोग होतो. अर्ज किंवा कार्यालयीन पत्र लिहिताना ते हाताशी असणे आवश्यक आहे.

यंत्र बदलले की जुन्या वस्तूलाही नवे विशेषण लावावे लागते, हे नवीन लेखकांनी ध्यानात ठेवावे. ३१ जुलै १९९५ रोजी भारतात पहिले मोबाइल संभाषण झाले तेव्हा ‘फोन’ म्हणजे टेबलावरचे यंत्र होते आणि खिशातला तो ‘मोबाइल’. आज फोन म्हणजे खिशातलाच, आणि टेबलावरच्याला ‘लँडलाइन’ म्हणावे लागते. स्मार्टफोन आल्यावर त्याच्या आधीचा ‘बटणांचा फोन’ झाला. ‘फोन’ एवढेच लिहिले तर वाचणाऱ्याच्या हातात यांपैकी कोणता आहे, याचा विचार करूनच पुढचे वाक्य लिहावे.

चौथी पायरी : क्रियापद घरचे असू द्या

माझ्या मते या सगळ्या कामाचे मर्म येथे आहे. नाव उसने घेतले तरी वाक्य मराठी राहते. क्रियापद चुकले की वाक्य कोणाचेच राहत नाही. ‘प्रविष्ट करा’, ‘सक्षम करा’, ‘अनुमती प्रदान करा’ ही वाक्ये शब्दशः मराठी असूनही वाचणाऱ्याचा हात हलत नाही, कारण ही क्रियापदे त्याने आयुष्यात हाताने कधी केलेली नाहीत.

उलट बोलीने यंत्रांसाठी किती क्रियापदे आधीच तयार करून ठेवली आहेत ते पाहा. आपण फोन लावतो, जसा दिवा लावतो, रेडिओ लावतो. फोन उचलतो, आणि बोलणे संपल्यावर ‘ठेवू का?’ असे विचारतो, जरी ठेवायला आता खाली ना चकतीचा फोन आहे ना त्याचा रिसीव्हर. ‘नंबर फिरवला’ हेही त्या चकतीचेच. आपण पूर्वी पत्र टाकत होतो, तशा पेटीत टाकल्याच्या भावनेने आता मेसेज टाकतो, फोटो टाकतो, गटावर निरोप टाकतो. रिचार्जसाठी पैसे टाकतो, पासवर्डही टाकतो. स्टेटस मात्र टाकतो तसे ठेवतोही : ‘स्टेटसला फोटो ठेवलाय’. रेंज येते आणि जाते, नेट चालते किंवा रडते, फोन चार्जिंगला लावतात. मिस्ड कॉल देतात, आणि तो देण्याचा अर्थ काय हे दोघांना आधीच माहीत असते. यांतले एकही क्रियापद कोणी समिती नेमून ठरवलेले नाही. जुन्या कृतीची सवय नव्या यंत्राकडे चालत आली आहे, आणि म्हणूनच ती हाताला लगेच समजते.

पत्रक लिहिताना हे भांडार उघडे ठेवावे. ‘आपला संकेतशब्द प्रविष्ट करून लॉगिन प्रक्रिया पूर्ण करा’ याऐवजी ‘पासवर्ड टाका आणि खालच्या निळ्या बटणावर बोट लावा’ असे लिहिले की काम होते. औपचारिक मराठी लिहायची असली तरी हरकत नाही. औपचारिकता वाक्याच्या नेटकेपणातून आणि आदरार्थी रूपांतून आणता येते, त्यासाठी जड क्रियापद लागत नाही.

परंतु घरच्या क्रियापदातही एक धोका असतो, तो मला ‘दाबा’ या शब्दाने शिकवला. बटणांच्या फोनची सवय असलेल्या आजोबांना मी ‘हे चित्र दाबा’ असे लिहून दिले होते. त्यांनी अंगठ्याने जोर लावून ते दाबून धरले. काचेच्या पडद्यावर जास्त वेळ दाबून धरण्याचा अर्थ निराळा असतो. चित्र हलू लागते, काढून टाकण्याचा पर्याय वर येतो आणि तेच झाले. चार वेळा प्रयत्न करून ते ॲप पडद्यावरून नाहीसे झाल्यावर त्यांनी फोन पिशवीत घालून ठेवला आणि दोन आठवडे बाहेर काढला नाही. तेव्हापासून आमच्या पत्रकात ‘हलकेच बोट लावा आणि लगेच उचला’ असे असते. काहीजण ‘टिचकी द्या’ असे लिहितात. तोही शब्द छान आहे, कारण टिचकीत जोर आणि वेळ दोन्ही थोडे असतात. जिथे खरोखर धरून ठेवायचे असते तिथे ‘बोट न उचलता दोनपर्यंत मोजा’ असे लिहितो. पडदा वर नेण्यासाठी ‘बोट टेकवून वर सरकवा’, आणि नकाशा किंवा अक्षर मोठे करण्यासाठी ‘चिमटीतली दोन बोटे पडद्यावर टेकवून एकमेकांपासून दूर न्या’. वाक्य लांबते, पण बोट चुकत नाही.

पाचवी पायरी : पैशांच्या वाक्यांवर दुप्पट वेळ द्या

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले, आणि त्यानंतर फोनवरच्या एका क्रियापदाची किंमत खरोखर रुपयांत मोजण्याची वेळ आली. ‘विनंती स्वीकारा’ हे शब्द घ्या. मराठीत आपण स्वीकारतो ती भेट, आहेर, पुरस्कार, निमंत्रण. स्वीकारणे म्हणजे आपल्याकडे काही येणे. पैशांची मागणी करणारी विनंती ‘स्वीकारली’ की मात्र आपल्याच खात्यातून पैसे जातात. फसवणूक करणारे नेमका हाच अर्थाचा उतार वापरत आले आणि ‘पैसे मिळवण्यासाठी स्वीकारा आणि पिन टाका’ असे फोनवरून सांगत आले; एका व्यक्तीने दुसरीला यूपीआयवर अशी विनंती पाठवण्याची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, तरी शब्दाचा हा उतार तसाच आहे. म्हणून पत्रकात क्रियेचे नाव न देता तिचा परिणाम लिहावा : ‘या बटणावर बोट लावल्यास तुमच्या खात्यातून पैसे जातील.’ आणि ठळक अक्षरांत, चौकट करून : पैसे घेण्यासाठी गुप्त पिन कधीही लागत नाही; तो पैसे देताना आणि खात्यातील शिल्लक पाहताना लागतो.

‘रद्द करा’ हा दुसरा सापळा. दुकानाच्या ॲपवर दिलेली ऑर्डर रद्द करताना पडद्यावर विचारणा येते की ऑर्डर रद्द करायची का, आणि खाली दोन बटणे असतात : ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. ‘रद्द करा’ने ऑर्डर रद्द होते की रद्द करण्याचा विचार रद्द होतो? पडदा आपल्या हाती नसतो, त्यामुळे पत्रकात त्या पडद्याचे चित्र छापून नेमके बटण बाणाने दाखवावे. ज्यांच्या हाती पडदा आहे, म्हणजे जे स्वतः ॲपचे मराठीकरण करतात, त्यांनी ‘हो, ऑर्डर रद्द करा’ आणि ‘नको, राहू द्या’ असे पूर्ण बोल बटणावर लिहावेत. जागा अपुरी पडते अशी सबब येथे चालू देऊ नये.

सहावी पायरी : लिंग, वचन आणि सामान्यरूप

उसन्या नावाला मराठीत राहायचे तर लिंग घ्यावेच लागते. तो फोन, ती लिंक, ते ॲप, ती फाइल, तो फोटो, ते कार्ड यांबाबत सहसा मतभेद नसतो. मेल मात्र कोणी ‘ती मेल’ म्हणते तर कोणी ‘तो मेल’, आणि स्क्रीनचेही तसेच आहे. अशा वेळी एक रूप निवडून पत्रकाच्या अखेरपर्यंत पाळावे.

सामान्यरूपावरून शब्द किती मुरला हे ओळखता येते. टेबल इतके मुरले की आपण ‘टेबलावर’ म्हणतो. ‘पेनाने’ आणि ‘पेनने’ दोन्ही चालते. फोन अजून ‘फोनवर’ आहे, आणि ॲप ‘ॲपमध्ये’. जे रूप बोलण्यात आहे तेच लिहावे; ‘मोबाइलाच्या’ असे ओढून आणलेले रूप वाचणाऱ्याला थांबवते. अनेकवचनात ‘फायली’ रुळले आहे, ‘लिंका’ही ऐकू येते, ‘ॲप्स’ इंग्रजी पद्धतीनेच राहिले आहे. मोबाइल की मोबाईल या वादातही एकच रूप धरून ठेवावे.

सातवी पायरी : अक्षरे नीट आहेत ना, हे पाहा

‘ॲप’ हा दोन अक्षरांचा शब्द फोनमध्ये तीन प्रकारे टाइप केलेला आढळतो. पहिल्या प्रकारात ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर असते. ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांनी मान्य केलेल्या अक्षरांच्या सामाईक संकेतात, २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी मराठी लेखकांना ‘अ’ टाइप करून त्यावर अर्धचंद्र द्यावा लागत होता, तो झाला दुसरा प्रकार. तिसऱ्यात ‘ए’वर अर्धचंद्र असलेले ‘ऍ’ हे अक्षर वापरले जाते. पहिले दोन डोळ्यांना सारखेच दिसतात, यंत्राला मात्र तिन्ही वेगळे शब्द वाटू शकतात. त्यामुळे एका प्रकाराने लिहिलेले दुसऱ्या प्रकाराने शोधल्यास सापडेलच असे नाही. मराठीसाठी ‘ॲ’ हेच स्वतंत्र अक्षर वापरावे आणि जुन्या मजकुरात शोधून बदलून घ्यावे. तशीच काळजी ‘ऱ्या’ची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘पाठवणाऱ्याचे नाव’ लिहिताना कळफलकाने चुकीचा र दिला तर शब्दच बिघडतो.

छापखान्यातून आलेला मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये असेल तर फोनवर पाठवताच त्याची निरर्थक चिन्हे होतात. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून पूर्ण वाचून घ्यावा, कारण रूपांतरात जोडाक्षरे तुटतात.

एसएमएसने निरोप पाठवणार असाल तर लांबीचे गणित वेगळे आहे. रोमन लिपीत एका संदेशात १६० चिन्हे बसतात, देवनागरीत ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे प्रत्येकी एक चिन्ह मोजले जाते. ‘उद्या सकाळी पाणी येणार नाही.’ या वाक्यात आपल्याला बारा अक्षरे दिसतात, परंतु मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून यंत्र २८ चिन्हे मोजते. ७० च्या पुढे गेलात की संदेशाचे तुकडे पडतात आणि पाठवणाऱ्या संस्थेला प्रत्येक तुकड्याचे पैसे पडतात. तेव्हा ‘आदरणीय सभासद बंधू-भगिनींनो’ ही सुरुवात फलकासाठी राखून ठेवावी आणि एसएमएसमध्ये थेट वार, वेळ आणि काय होणार ते लिहावे.

आठवी पायरी : जाहिरातीचा शब्द जसाच्या तसा उचलू नका

विक्रीसाठी पत्रक लिहिणाऱ्यांवर मूळ दाव्यापेक्षा मोठा दावा करण्याची वेळ भाषांतरामुळे नकळत येते. फोनच्या खोक्यावर आयपी६८ असे लिहिलेले असते. त्यातला ६ धुळीपासूनच्या संरक्षणाचा, ८ पाण्यात बुडण्यापासूनच्या, तोही उत्पादकाने सांगितलेल्या खोलीपुरता आणि वेळेपुरता. याला ‘जलरोधक’ म्हटले की गिऱ्हाईक फोन घेऊन समुद्रात उतरते. ‘पाण्यात पडल्यास काही प्रमाणात संरक्षण’ हे शब्द कमी आकर्षक आहेत, पण खरे आहेत. ‘१२८ जीबी’ची जागा म्हणजे १२८ अब्ज बाइट, १०२४ च्या पटीत मोजणाऱ्या यंत्रावर तीच सुमारे ११९ दिसते, आणि त्यातली काही जागा फोनची प्रणाली आधीच घेते. हे आधी लिहून ठेवले तर फसवले गेल्याची भावना उरत नाही.

सध्या ‘एआय’ हे अक्षरयुग्म कॅमेऱ्यापासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळ्यांवर छापलेले दिसते. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा त्याचा मराठी शब्द वर्तमानपत्रांनी चांगला रुजवला आहे, आणि तो वापरावा. पण कोणत्याही रूपात तो लिहिल्यावर लगेच यंत्र नेमके काय करते ते लिहावे : कपड्यांचे वजन पाहून पाणी ठरवते, अंधारातला फोटो उजळ करते, बोललेले अक्षरांत उतरवते. असे वाक्य लिहिता आले नाही तर तो शब्द पत्रकातून काढावा.

नववी पायरी : वाचून घ्या, आणि तारीख घाला

छापण्यापूर्वी पत्रक अशा माणसाच्या हातात द्या ज्याने ते यंत्र कधी वापरलेले नाही. त्याला यंत्र द्या आणि आपण गप्प बसा. त्याचे बोट ज्या शब्दाशी थांबते तो शब्द बदलायचा आहे. ‘कळलं का?’ असे विचारू नका, कारण वडीलधारी माणसे भिडेखातर हो म्हणतात. ‘आता करून दाखवता का, काका?’ असे विचारा. किमान तिघांकडून हे करून घ्यावे आणि तिघे तीन वयांचे असावेत.

पत्रकाच्या तळाशी महिना आणि वर्ष, तसेच ते कोणत्या फोनवर किंवा ॲपच्या कोणत्या आवृत्तीवर पाहून लिहिले ते नोंदवावे. ॲप अद्ययावत झाले की बटणाची जागा, रंग आणि नाव कधीही बदलते. जुने पत्रक हातात असलेल्या माणसाला निदान इतके समजते की चूक त्याची नाही. आमच्या वर्गात पत्रकाच्या मागच्या बाजूला चार रिकाम्या ओळी ठेवलेल्या असतात, आणि पडद्यावर काही वेगळे दिसले तर ते तिथे लिहून पुढच्या आठवड्यात आणावे, असे सांगितलेले असते. पुढच्या खेपेचे पत्रक त्या ओळींवरून लिहायला घेतो.